नेटवर्कवरून जोडलेला वायरलेस माऊस अडकतोय? आधी कुठल्या टप्प्यावर अडकतोय ते शोधा

महिन्याची वीस तारीख. जीएसटीआर-३बी (जीएसटीचं विवरणपत्र) भरायचा शेवटचा दिवस, समोर खुर्चीत अशील बसलेले, आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजलेला. माऊस हलवते, काही नाही. आपटते, काही नाही. दोन सेकंदांनी बाण आपोआप सुटतो आणि तिसऱ्याच बटणावर जाऊन बसतो. असं सलग तीन आठवडे चाललं. या काळात मी माऊसचा सेल दोनदा बदलला, साडेसहाशे रुपयांचा नवा माऊस आणला, आणि शेवटी कळलं की माऊसमध्ये काहीच बिघाड नव्हता.

मी कर सल्लागार आहे, संगणकाची अभियंता नाही. तरीही हे लिहितेय, कारण आता माझ्यासारखी मांडणी बऱ्याच छोट्या ऑफिसांत दिसते. सीपीयू आतल्या खोलीत (बाहेर रस्त्याची धूळ, शिवाय पंख्याची घरघर), टेबल आणि मॉनिटर बाहेर. मॉनिटरची एचडीएमआय वायर दहा मीटर लांब नेता येते. यूएसबी २.० च्या साध्या वायरीला मात्र पाच मीटरची मर्यादा आहे. म्हणून बाहेरच्या टेबलावर रास्पबेरी पाय ४ ही छोटी डबी, म्हणजे एक चिमुकला संगणकच, ठेवलीय. डिजिटल सहीचं टोकन, कीबोर्ड आणि माऊसचं रिसीव्हर (वायरलेस माऊससोबत येणारा, यूएसबीत घालायचा छोटा तुकडा) तिला लावलंय, आणि यूएसबी/आयपी नावाच्या सोयीने ती उपकरणं नेटवर्कवरून आतल्या विंडोजच्या संगणकाला ‘जोडलेली’ दिसतात. मुलाने हे सगळं बसवून दिलं आणि तो पुण्याला हॉस्टेलवर निघून गेला. पुढचं दुरुस्तीकाम फोनवर.

एक खुलासा: कमांड इथे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना त्या रोमन लिपीत, सगळ्या छोट्या अक्षरांत टाकायच्या. जिथे आडवी छोटी रेघ किंवा खालची रेघ आहे तिथे ती तशीच.

सुरू करण्याआधी हे हाताशी ठेवा

- एक साधा वायरचा माऊस. कितीही जुना चालेल. या सगळ्या तपासातलं सर्वांत उपयोगी हत्यार हेच.
- आणखी एक जुना माऊस आणि कीबोर्ड थेट सीपीयूला लावलेला. नेटवर्क तुटलं की बाहेरचं सगळंच मरतं, तेव्हा आत जाऊन काम करायला काहीतरी हवं.
- यूएसबी २.० ची एक मीटरची एक्स्टेन्शन वायर.
- डबीपासून राउटरपर्यंत पोचेल एवढी लॅन केबल, तात्पुरती जमिनीवरून टाकली तरी चालेल.
- नवा सेल. रिचार्जेबल नको. तो १.२ व्होल्टचा असतो, साधा दीड व्होल्टचा, आणि तपासात एक शंका कमी झालेली बरी.
- डबीचं, म्हणजे रास्पबेरी पायचं, लॉगिन आणि पासवर्ड. बसवून देणाऱ्याकडून आजच लिहून घ्या.
- वही. हसू नका, वही लागतेच.

१. कसा अडकतो ते आधी लिहा

‘माऊस हँग होतो’ एवढ्यावर कोणीच काही सांगू शकत नाही. दोन दिवस नुसतं निरीक्षण करा आणि लिहा: किती वेळ थांबतो, थांबण्याआधी तुम्ही काय करत होतात, आणि त्याच वेळी कीबोर्ड चालत होता का.

साधारण चार तऱ्हा दिसतात.

पहिली, थोडा वेळ माऊसला हात न लावता पुन्हा हलवला की सुरुवातीलाच अडकतो, मग ठीक. हे कोणाच्या तरी झोपेचं लक्षण आहे. झोपणारं कोण, ते पुढे.

दुसरी, नीट चालता चालता मध्येच थांबतो आणि पाव, अर्ध्या, कधी दोन सेकंदांनी सुटतो. मधली हालचाल कधी एकदम उडी मारून येते, कधी हरवूनच जाते.

तिसरी, बाण थांबत नाही पण अडखळत, तुटक तुटक सरकतो, आणि माऊस रिसीव्हरजवळ नेला की सुधारतो.

चौथी, थांबला की थांबलाच. पुन्हा जोडल्याशिवाय परत येत नाही.

कीबोर्डकडे का बघायचं? तोही त्याच डबीतून येत असेल तर तो साक्षीदार आहे. एकदा मी बिलावर नाव टाइप करत होते आणि पडद्यावर ‘ककककककक’ अशी आगगाडी निघाली. मला वाटलं कळ अडकली. मुलगा म्हणाला, कळ दाबून ठेवल्यावर अक्षर पुन्हा पुन्हा उमटवायचं काम कीबोर्ड करत नाही, संगणक करतो. ‘क दाबला’ हा निरोप पोचला, ‘क सोडला’ हा वाटेत अडकला, म्हणून संगणक आपला क छापत बसला. म्हणजे त्या क्षणी नेटवर्कच थांबलं होतं. अशी आगगाडी दिसली असेल तर माऊस निर्दोष आहे असं समजून थेट चौथ्या पायरीवर जा.

आणखी एक फसवणूक: सीपीयूचा पडदा तुम्ही रिमोट डेस्कटॉपवरून बघत असाल तर माऊस नव्हे, चित्रच थांबत असेल. सेकंदकाटा असलेलं घड्याळ पडद्यावर उघडून ठेवा. माऊस अडकताना काटाही थांबला तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

२. प्रवासाचे दोन तुकडे करा

हाताची हालचाल पडद्यावर पोचेपर्यंत चार टप्पे होतात. माऊसपासून रिसीव्हरपर्यंत रेडिओ. रिसीव्हरपासून डबीपर्यंत यूएसबी. डबीपासून संगणकापर्यंत नेटवर्क. मग संगणकाच्या आतलं विंडोजचं ड्रायव्हर. आपण बहुतेक जण पहिल्या टप्प्यावरच हात मारत बसतो, कारण तोच हातात असतो.

आता तो जुना वायरचा माऊस घ्या, वायरलेस माऊसच्या रिसीव्हरच्या जागी डबीला लावा, नेटवर्कवरून जोडा आणि अर्धा दिवस त्यानेच काम करा.

वायरचा माऊसही तेवढाच अडकला, तर रेडिओचा आणि सेलचा काही संबंध नाही. चौथ्या पायरीवर जा.

वायरचा माऊस मख्खन चालला, तर दोष रेडिओत. तिसरी पायरी.

उलट चाचणीही करा: वायरलेसचं रिसीव्हर थेट सीपीयूला लावा आणि आतल्या खोलीत बसून वापरून बघा. तिथेही अडकला तर नेटवर्कला उगाच शिव्या देऊ नका. सेल, माऊसखालची काच, भिंगात अडकलेला केस, असल्या गोष्टी बघा. चकचकीत काचेच्या टेबलावर बरेच माऊस नीट चालत नाहीत, खाली कागद ठेवला तरी फरक पडतो.

माझ्या बाबतीत वायरचा माऊस *कमी* अडकला. अडकणं पूर्ण थांबलं नाही, पण निम्म्यावर आलं. या ‘कमी’चा अर्थ मला तेव्हा कळला नाही आणि त्यातच माझे दहा दिवस गेले. अर्थ असा की गुन्हेगार दोन होते. एक रेडिओत, एक नेटवर्कमध्ये. मी रेडिओचा दोष काढला, माऊस तरी अडकला, म्हणून ‘हा उपाय चुकला’ असं म्हणत सगळं पूर्ववत केलं. मग नेटवर्कचा दोष काढला, तरी अडकला, तेही पूर्ववत केलं. असं करू नका. एखाद्या बदलाने थोडा जरी फरक पडला तरी तो बदल तसाच ठेवून पुढची पायरी घ्या. वही यासाठीच.

३. रिसीव्हरला निळ्या सॉकेटच्या शेजारून उठवा

रास्पबेरी पाय ४ ला चार यूएसबी सॉकेट असतात. दोन काळी म्हणजे यूएसबी २.०, दोन निळी म्हणजे यूएसबी ३.०. माझ्या निळ्या सॉकेटात बॅकअपची एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) होती आणि तिच्या अगदी अंगाला लागून माऊसचं नखाएवढं रिसीव्हर.

यूएसबी ३.० वरून माहिती धावत असताना त्या सॉकेटमधून, वायरीतून आणि उपकरणातून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, तो २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. वायरलेस माऊसही त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं, म्हणजे ही काही आमच्या घरची अंधश्रद्धा नाही. लग्नात बँडच्या शेजारी उभं राहून फोनवर बोलण्यासारखं आहे हे. फोन चांगला असतो, सेल भरलेला असतो, तरी समोरच्याला काही ऐकू येत नाही.

उपाय अगदी स्वस्त. रिसीव्हर एक मीटरच्या एक्स्टेन्शन वायरीच्या टोकाला लावा, ती वायर काळ्या सॉकेटात घाला, आणि रिसीव्हर टेबलावर माऊसपासून हातभर अंतरावर, डबी आणि एसएसडीपासून लांब चिकटवून टाका. एक्स्टेन्शन यूएसबी २.० चीच घ्या.

खात्री करायची असेल तर एसएसडीवर मोठी फाइल कॉपी करायला लावा आणि माऊस हलवा, मग एसएसडी काढून हलवा. माझा बॅकअप रोज दुपारी तीनला सुरू व्हायचा. ‘दुपारी माऊसला झोप येते’ हा आमच्या घरातला विनोद होता, त्याचं उत्तर हे.

रिसीव्हर लोखंडी कपाटामागे किंवा टीव्हीच्या पाठीशी असेल तर तेही हलवा. आणि डबीला वाय-फायवर ठेवायचंच असेल तर ते ५ गिगाहर्ट्झवर घ्या, म्हणजे २.४ च्या पट्ट्यात माऊसला थोडी मोकळी जागा मिळेल.

४. नेटवर्क: सरासरी नको, सर्वांत वाईट आकडा बघा

आतल्या विंडोजच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि डबीच्या पत्त्यावर पिंग सोडा (ही कमांड निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजते). माझ्या डबीचा पत्ता १९२.१६८.१.५० आहे, म्हणून: पिंग -टी १९२.१६८.१.५०. दहा मिनिटं चालू द्या, मग कंट्रोल आणि सी एकत्र दाबून थांबवा. शेवटी तीन आकडे येतात: किमान, कमाल, सरासरी.

मी फोनवर आनंदाने सांगितलं, “सरासरी सात आलीय, चांगलीच आहे की!”

“आई, सरासरीचं काय लोणचं घालायचंय? मधला आकडा वाच.”

मधला होता तीनशे बारा. मिलिसेकंद. म्हणजे एक निरोप जाऊन यायला जवळजवळ एक तृतीयांश सेकंद. हाताला तो झटका स्पष्ट जाणवतो.

इथे थोडं आतलं यंत्र समजून घेतलं तर पुढचं सोपं जाईल. यूएसबीचा माऊस आपणहून काही सांगत नाही, त्याला सतत विचारावं लागतं. साधा माऊस असला तर संगणक दर आठ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला १२५ वेळा ‘हललास का?’ असं विचारतो. माऊस थेट लावलेला असताना हे प्रश्नोत्तर तिथल्या तिथे होतं. यूएसबी/आयपीमध्ये प्रश्नाची मागणी आतल्या खोलीतून नेटवर्कवरून डबीपर्यंत जाते, तिथे माऊसचं उत्तर मिळतं, मग ते परत येतं, आणि मगच पुढची मागणी निघते. अशा एक-दोनच मागण्या एका वेळी वाटेत असतात. एकच धरली आणि फेरीला ४० मिलिसेकंद लागले, तर सेकंदाला १२५ ऐवजी फार तर २५ उत्तरं. बाण तुटक चालणारच. सेकंदाला हजार वेळा विचारून घेणारा महागडा गेमिंग माऊस या मांडणीत आणणं म्हणजे गल्लीत रेसची गाडी.

त्यात हे सगळं टीसीपी या नेटवर्कवरच्या निरोप पोचवायच्या पद्धतीने चालतं. टीसीपीचा नियम कडक आहे: निरोप क्रमानेच पोचले पाहिजेत. मधला एक हरवला की तो पुन्हा येईपर्यंत मागचे सगळे रांगेत उभे. वाय-फायवर एखाद-दुसरा निरोप हरवणं रोजचंच, पण माऊससाठी तोच गोठण्याचा क्षण असतो.

डिजिटल सहीचं टोकन त्याच डबीतून, त्याच नेटवर्कवरून बिनतक्रार चालत होतं आणि म्हणूनच मी नेटवर्कला निर्दोष सोडलं होतं. ती चूक तुम्ही करू नका. सही करताना टोकन माऊसच्या मानाने थोड्याच निरोपांची देवाणघेवाण करतं, त्यात तिसरा हिस्सा सेकंद उशीर झाला तर आपल्याला पत्ताही लागत नाही. पेनड्राइव्ह, प्रिंटर, स्कॅनर यांचंही तेच. माऊस हे असं उपकरण आहे की ज्याचा उशीर डोळा आणि हात दोघांनाही लगेच कळतो. ‘बाकी सगळं चालतंय’ हा पुरावा म्हणून धरू नका.

आता डबीला लॅन केबल लावा आणि पिंग पुन्हा करा. माझा कमाल आकडा तीनशे बारावरून एकवर आला. केबलवर चालवायचं असेल तर डबीचं वाय-फाय बंदच करून टाका, नाहीतर कधी कोणत्या वाटेने जातंय ते कळत नाही. मग एचडीएमआयच्याच केसिंग पट्टीतून लॅन केबल कायमची ओढून घेतली. लॅन केबलला शंभर मीटरपर्यंत परवानगी असते, तेव्हा घरात अंतराची काळजी नाही.

माझ्या मते बहुतेकांचं काम इथेच संपतं. केबल टाकणं शक्य नसेल त्यांनीच पुढची पायरी नीट वाचावी.

५. वाय-फायवरच राहायचं असेल तर त्याची डुलकी मोडा

रास्पबेरी पायचं वाय-फाय वीज वाचवण्यासाठी मध्ये मध्ये डुलकी घेतं. ते झोपलेलं असताना आलेले निरोप राउटर धरून ठेवतो आणि आपल्या ठरावीक हाकेच्या वेळी, साधारण दर १०० मिलिसेकंदांनी, ‘तुझं टपाल आहे’ असं कळवतो. बॅटरीवरच्या उपकरणाला हे ठीक. भिंतीच्या सॉकेटला लावलेल्या डबीला या काटकसरीची गरज नाही.

डबीवर बघा: आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० गेट पॉवर_सेव्ह. उत्तर ‘ऑन’ आलं तर बंद करा: सुडो आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० सेट पॉवर_सेव्ह ऑफ. लगेच पिंग करून बघा, फरक दिसतो.

सापळा: डबी रीस्टार्ट झाली की हे परत पहिल्यासारखं होतं. आमच्याकडे लाईट गेली की डबी रीस्टार्ट, आणि मला वाटायचं, उपाय ‘उतरला’. कायमचं करायचं तर डबीवरच्या नेटवर्कमॅनेजर या प्रोग्राममधल्या त्या वाय-फाय जोडणीची पॉवरसेव्ह ही किंमत २ करायची. इथे २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. उलटं वाटतं, पण तसंच आहे.

६. यूएसबीची झोप

पहिल्या तऱ्हेचं अडकणं, म्हणजे जरा थांबून हलवलं की सुरुवात हरवते, हे वाय-फायची डुलकी मोडल्यावरही राहिलं तर यूएसबीच झोपतंय. वाय-फायची डुलकी क्षणात मोडते. यूएसबीची झोप जड असते, कधी कधी क्लिक केल्याशिवाय उठतच नाही. आणि हो, वायरलेस माऊस स्वतःही झोपतो. बराच वेळ पडून राहिल्यावर पहिल्या हालचालीला तो जागा होतो, तो दोष नव्हे.

झोप दोन्हीकडे असू शकते, म्हणून दोन्हीकडे बघा.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, माऊसच्या यादीत तुमचा माऊस आणि यूएसबीच्या यादीत हब शोधा. त्यांच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट हा टॅब असेल तर ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ या अर्थाच्या चौकटीतली खूण काढा. शिवाय पॉवर ऑप्शन्समधला यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा.

डबीवर प्रत्येक यूएसबी उपकरणाची एक ‘पॉवर/कंट्रोल’ नावाची फाइल असते. तिच्यात ‘ऑटो’ असेल तर झोपायची मुभा आहे, ‘ऑन’ असेल तर जागंच राहायचं. पुष्कळ जण ‘ऑन’चा अर्थ ‘वीजबचत चालू’ असा घेतात आणि नेमकं उलटं करून बसतात. सगळ्यांसाठी एकदम झोप बंद करायची तर डबीच्या सीएमडीलाइन या फाइलमध्ये यूएसबीकोर.ऑटोसस्पेंड=-१ हे शब्द घालतात. ती फाइल एकाच ओळीची असते. नवी ओळ न करता त्याच ओळीच्या शेवटी, एक जागा सोडून लिहा, आणि आधी फाइलची प्रत काढा.

७. चार्जरही तपासा

डबी मोबाइलच्या जुन्या चार्जरवर चालवत असाल तर थांबा. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. कमी पडला की एसएसडीने जोर लावताच व्होल्टेज पडतं आणि यूएसबीवरची उपकरणं गचके खातात. डबीवर व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड ही कमांड द्या. उत्तरात ०एक्स० आलं तर ठीक. ०एक्स५०००० सारखं काही आलं तर डबी चालू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलेलं आहे.

८. थांबला तो थांबलाच: तुटलेली जोडणी

चौथी तऱ्हा. इथे माऊस अडकलेला नसतो, संगणकाच्या लेखी तो काढूनच घेतलेला असतो. आतल्या संगणकावर यूएसबीआयपी पोर्ट ही कमांड द्या. यादीत माऊस नसेल तर जोडणी तुटलीय. डबीवर डीमेसेज (रोमन अक्षरं डी, एम, ई, एस, जी एवढीच) दिलं तर यूएसबी डिस्कनेक्ट अशी ओळही सापडेल.

पुन्हा जोडताना नवशिक्यांना अडवणाऱ्या गोष्टी या:

डबीवर माऊस ‘बाइंड’ केला, म्हणजे नेटवर्कवरून द्यायला यूएसबी/आयपीच्या हवाली केला, की तो डबीचा राहत नाही. डबीला पडदा लावलेला असेल तर तिच्यावरचा बाण मरतो. तो अडकलेला नाही, दिलेला आहे. एकुलता एक कीबोर्डही असाच देऊन बसलात तर डबीशी बोलायला एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कने कमांड द्यायची सोय) शिवाय मार्ग उरत नाही. काही रिसीव्हर माऊस आणि कीबोर्ड दोघांचं मिळून एकच असतं, ते दिलं की दोन्ही जातात.

माऊसचा पत्ता, उदाहरणार्थ १-१.२, हा माऊसचा नसून सॉकेटचा असतो. झाडपूस करताना रिसीव्हर काढून शेजारच्या सॉकेटात घातलं की पत्ता बदलतो आणि कालपर्यंत चालणारी कमांड आज ‘सापडत नाही’ म्हणते. मी सॉकेटवर लाल टिकली चिकटवली आहे. डबीवर यूएसबीआयपी लिस्ट -एल दिलं की आत्ताचे पत्ते दिसतात.

राउटर बंद-चालू झाला की डबीचा नेटवर्कवरचा पत्ताही बदलू शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये डबीसाठी पत्ता राखून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, पण न केल्यास नेमकं वीस तारखेलाच रडवतं.

जोडणीची कमांड, म्हणजे यूएसबीआयपी अटॅच -आर, डबीचा पत्ता, -बी, सॉकेटचा पत्ता, एका छोट्या बॅच फाइलमध्ये (कमांड लिहून ठेवायची फाइल) घालून विंडोजच्या टास्क शेड्युलरला दर मिनिटाला चालवायला सांगा. माऊस आधीच जोडलेला असेल तर ती नुसती तक्रार करून संपते, नुकसान काही नाही. आधी मी ती फाइल डेस्कटॉपवर ठेवली होती. माऊस बंद पडल्यावर ती डबल क्लिक कशाने करणार, हा विचार दोन्ही विद्वानांना सुचला नव्हता.

९. दार बंद ठेवा

यूएसबी/आयपी टीसीपीच्या ३२४० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतं, आणि त्याला ना पासवर्ड असतो ना निरोप गुप्त ठेवायची सोय. हे घरच्या नेटवर्कपुरतंच ठेवा. घराबाहेरून वापरण्यासाठी राउटरवर हे पोर्ट उघडून देऊ नका, तशी गरज असेल तर व्हीपीएनमधूनच (बाहेरून घरच्या नेटवर्कात यायची गुप्त वाट). अशिलांना वाय-फायचा पासवर्ड देत असाल तर त्यांच्यासाठी वेगळं गेस्ट नेटवर्क करा. त्याच डबीला सहीचं टोकन असेल तर सही झाली की टोकन काढून खणात ठेवा. कीबोर्डवर टाइप केलेला पिनही याच वाटेने उघडा जातो, हे लक्षात असू द्या.

१०. नाद कधी सोडावा

केबल टाकता येत नाही, डुलकी मोडली, रिसीव्हर हलवलं, तरी पिंगचा कमाल आकडा पन्नासच्या वर जातोय? मग माऊस या वाटेने पाठवू नका. टोकन आणि प्रिंटर राहू द्या, माऊसपुरता दुसरा मार्ग काढा.

अंतर दहा मीटरच्या आसपास असेल तर मध्ये रिपीटर असलेली अॅक्टिव्ह यूएसबी वायर मिळते. लॅन केबलवरून थेट यूएसबी नेणारे एक्स्टेंडरही मिळतात. त्यात नेटवर्क नाहीच, दोन टोकांना दोन डब्या. टेबलावर दुसरा संगणक असेल तर इनपुट लीप किंवा बॅरियर असे प्रोग्राम बघा. ते उपकरण पाठवत नाहीत, ‘बाण इथे सरकला, इथे क्लिक झालं’ एवढंच पाठवतात, आणि प्रत्येक वेळी प्रश्नोत्तराची फेरी लागत नसल्याने उशीर झाला तरी कमी टोचतो. ब्लूटूथ माऊस असेल तर त्याचा ब्लूटूथ अडॅप्टर नेटवर्कवरून पाठवायच्या फंदात पडू नका. त्यापेक्षा रिसीव्हरवाला माऊस घ्या.

११. तरीही जमलं नाही तर विचारताना हे सांगा

कोणालाही फोन करण्याआधी वहीतून एवढं काढून ठेवा, समोरच्याचा अर्धा तास वाचतो:

- चारपैकी कोणती तऱ्हा, किती वेळ थांबतो, कीबोर्डही थांबतो का
- वायरचा माऊस त्याच जागी लावल्यावर काय झालं
- पिंगचे तिन्ही आकडे, वाय-फायवरचे आणि केबलवरचे वेगवेगळे
- रिसीव्हर कोणत्या सॉकेटात आहे, शेजारी काय लावलंय
- गेट_थ्रॉटल्डचं उत्तर
- अडकल्यावर यूएसबीआयपी पोर्टच्या यादीत माऊस दिसतो की नाही
- कोणते बदल केले, कोणत्या क्रमाने, आणि त्यातले कोणते परत फिरवले

माझ्या वहीत शेवटच्या मुद्द्याखाली सात ओळी होत्या आणि त्यातल्या पाचांसमोर ‘परत फिरवलं’ असं लिहिलेलं होतं. मुलाने ते ऐकलं, थोडा वेळ काही बोलला नाही, आणि म्हणाला, “ते पाच पुन्हा कर.”